आजीचे दोनशे पौंड आणि नॅन्सीचं विमान

या कार्यक्रमात आम्ही एरवी हप्ते, व्याज, शेळ्या आणि शिलाई मशीन यांबद्दल बोलतो. आज विमानाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, ही गोष्टसुद्धा भांडवलाची, कर्जफेडीची आणि गटाचीच आहे.

गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. नॅन्सी बर्ड हे तिचं नाव. बर्ड म्हणजे पक्षी, आणि हे तिचं खरंखुरं आडनाव! जन्म १९१५ सालचा, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या क्यू या लहानशा गावातला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती वडिलांकडे घर सांभाळू लागली. इथपर्यंत ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. अशा मुली आपण प्रत्येक गल्लीत पाहिल्यात.

पण नॅन्सीच्या डोक्यात विमान होतं. १९३३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात, ती चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ या नामांकित वैमानिकाकडे शिकायला गेली. ती अंगानं इतकी लहानखुरी होती की बसताना खाली उश्या घ्यायची. त्या काळी ज्या थोड्या बायका विमान शिकत, त्या बहुतेक हौस म्हणून. नॅन्सीनं मात्र ठरवलं होतं की यावरच पोट भरायचं. एकोणिसाव्या वर्षी तिला पैसे घेऊन माणसं नेण्याचा परवाना मिळाला.

परवाना आला, पण विमान कुठून आणायचं? इथं कान देऊन ऐका. तिच्या नात्यातल्या एका आजीनं तिच्यासाठी दोनशे पौंड मागे ठेवले होते. उरलेले पैसे वडिलांनी दिले, पण बक्षीस म्हणून नाही, कर्ज म्हणून. ते तिनं पुढे फेडले. अशा रीतीनं जिप्सी मॉथ नावाचं विमान तिच्या मालकीचं झालं. दोन माणसांचं, वरून उघडं.

मग नॅन्सी आणि तिची मैत्रीण पेगी मॅकिलप अशा दोघी गावोगावच्या जत्रांना निघाल्या. आपल्याकडे जत्रेत पाळण्यात बसायला पैसे देतात, तसे तिथले लोक विमानातून एक फेरी मारायला पैसे देत. एका वेळी एकच गिऱ्हाईक. कित्येकांनी विमानच पहिल्यांदा पाहिलेलं, आणि ते चालवणारी पोरगी!

याच दौऱ्यात त्यांची गाठ स्टॅन्ली ड्रमंड या पाद्रींशी पडली. दूरच्या कोरड्या मुलखातल्या मुलांच्या आरोग्यासाठी त्यांनी संस्था काढली होती. या मुलखाला तिकडे आउटबॅक म्हणतात. मैलोन् मैल मेंढ्यांची कुरणं, मध्येच एखादं घर, आणि शेजारीण म्हणाल तर दिवसभराच्या वाटेवर. बाळाला ताप आला तर दाखवायचं कुणाला? ड्रमंड यांनी नॅन्सीबाईंना विचारलं, "आमच्या नर्सला घेऊन जाल का?"

१९३५ मध्ये त्या सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटर आत असलेल्या बर्क या गावी राहायला गेल्या. नर्सला विमानात बसवायचं, वस्तीजवळ मोकळी जमीन पाहून उतरायचं. नर्स बाळांना तपासणार, आयांना सल्ला देणार, मग पुढची वस्ती. गरज पडली तर आजारी माणसालाही उचलून आणायचं. विमानात रेडिओ नव्हता. नदी, कुंपण, गाडीवाट बघत रस्ता शोधायचा. चुकलं तर खाली विचारायलाही कुणी नाही. तरी त्यांच्या हातून कधी अपघात झाला नाही. पुढे त्यांनी बंद केबिनचं चांगलं विमान घेतलं.

त्यांनीच पुढे सांगितलं, की काम समाधानाचं होतं, पण फार एकटेपणाचं. १९३८ मध्ये त्यांनी उडणं थांबवलं. मैत्रिणींनो, आम्हाला ही गोष्ट लपवावीशी वाटत नाही. हिंमतवान बाईसुद्धा एकटीनं ओढून ओढून थकते.

म्हणूनच त्यांचं पुढचं काम आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. तोवर त्यांचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती, आणि त्या नॅन्सी बर्ड वॉल्टन झाल्या होत्या. १९५० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या वैमानिक स्त्रियांची संघटना उभी केली आणि पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. म्हणजे गटच की! नव्या मुलीला विचारायला कुणीतरी असावं, एवढी साधी गोष्ट. ती संघटना आजही चालू आहे.

आपल्याकडेही मागे नव्हत्या बरं का. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून असंच जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची मुलगी होती.

नॅन्सीबाई २००९ मध्ये, ९३ व्या वर्षी गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं आपल्या पहिल्या अवाढव्य ए-३८० विमानाला त्यांचं नाव दिलं होतं. सिडनीच्या नव्या विमानतळालाही त्यांचंच नाव दिलं आहे. मोठा मान आहे. पण आमच्या मनातून त्या आजीचे दोनशे पौंड जात नाहीत. ते पैसे दागिन्यांना किंवा लग्नाला गेले असते, तर बर्कच्या पलीकडच्या त्या बाळांपर्यंत नर्स कशी पोचली असती?

तेव्हा येत्या बैठकीत एवढंच करा. कर्जाचं रजिस्टर उघडा. मुलीच्या लग्नासाठी किती कर्जं दिली ते मोजा, आणि मुलीच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी किती दिली तेही मोजा. दोन्ही आकडे मोठ्यानं वाचा. आम्ही आमच्या गटातही वाचणार आहोत. पुढच्या वेळी त्या आकड्यांवर बोलू.