ट्रकच्या पाठीवरचा उजेड



अंधेरीच्या या सभागृहापासून पश्चिम द्रुतगती महामार्ग फार दूर नाही. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने मालवाहतुकीचा मोठा भार रात्रीवर पडतो. येथे रस्त्यावर दिवे आहेत; परंतु दहिसर ओलांडून अहमदाबादच्या दिशेने निघालो की हा उजेड विरळ होत जातो. आपली मुले, आपले आप्त अशाच रस्त्यांनी रात्री प्रवास करतात. म्हणून आज मी ट्रकच्या मागील बाजूविषयी बोलणार आहे.

प्रथम थोडे गणित मांडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबण्यास तितकेच, किंबहुना थोडे अधिक अंतर लागते. एकूण झाले सुमारे ७० मीटर. डिप केलेल्या दिव्यांत मात्र मळकट, काळपट वस्तू साधारणतः ४० ते ५० मीटरवर आल्यावरच दिसते. ब्रेक वेळेवर लावूनही २० मीटर कमी पडतात! बंद पडलेल्या, दिवे नसलेल्या ट्रकवर मोटार आदळते ती या २० मीटरांत.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या अपघातांपैकी सुमारे एकपंचमांश अपघात मागून धडकण्याचे होते. ते सर्वच ट्रकचे नव्हते आणि प्रत्येकाचे कारण अंधार हेही नव्हते. तथापि जे केवळ न दिसल्यामुळे घडतात, ते टाळणे आपल्या हाती आहे.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मागील तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. अवजड वाहनांना परावर्तक पट्ट्याही सांगितल्या आहेत : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी. दिव्याची तार तुटते, बल्ब जातो. पट्टीला मात्र वीज लागत नाही. मागील मोटारीचाच प्रकाश ती परत पाठवते आणि वाहनाची रुंदीही दाखवते. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून नव्या मोठ्या ट्रेलरना अशा पट्ट्या सक्तीच्या झाल्या. २००१ मध्ये तेथील सरकारी पाहणीत आढळले, की अंधारात बाजूने व मागून होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी घटल्या.

आपल्याकडे अडते कोठे? योग्यता प्रमाणपत्राच्या दिवशी पट्टी नवी असते. पुढे तिच्यावर चिखल बसतो, फाळका बदलला जातो, ताडपत्री दिव्यावर लोंबते. गाडी बंद पडली की मागे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाची डहाळी ठेवतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो. दगड मात्र तेथेच राहतात आणि एखाद्या दुचाकीस्वाराचा घात करतात.

केवळ चालकाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या त्या माणसाच्या हाती पट्टी आणि त्रिकोण देणे हे मालकाचे काम आहे. आपल्यापैकी अनेक जण व्यापारी आहेत, कारखानदार आहेत, गृहसंस्थांचे पदाधिकारी आहेत. आपल्या दारात माल उतरवून ट्रक परत निघतो, तेव्हा मागचे दिवे लावून पाहण्यास सांगावे, पट्टीवरून ओले फडके फिरवावे. दोन मिनिटांचे काम आहे. वाटेत दिवे नसलेला ट्रक उभा दिसला, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अन्यत्र ११२ या क्रमांकावर कळवावे.

मागून येणारा कोण आहे हे ट्रकवाल्याला ठाऊक नसते. त्या अनोळखी माणसाची काळजी वाहणे, हेच नागरिकत्व होय. आज घरी जाताना पहिला ट्रक दिसेल, त्याची पाठ जरूर पाहा.