निपाणीची तंबाखू : शास्त्र आणि शेतकरी

निपाणी-चिकोडी परिसरातील शेतकऱ्यास तंबाखू कशी पिकवावी हे सांगावयास जाणे म्हणजे गुळव्याला काकवीची पारख शिकविण्यासारखे आहे. पान हातात घेऊन नुसत्या वासावरून मालाची प्रत ओळखणारी माणसे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तथापि अनुभवाने जे दिसते त्यामागील कारण शास्त्र सांगते आणि कारण कळले म्हणजे नुकसान टाळता येते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या निपाणी येथील संशोधन केंद्राच्या कार्याचे महत्त्व यातच आहे.

प्रारंभ रोपापासून होतो. तंबाखूचे बी अतिसूक्ष्म असून एका ग्रॅममध्ये १०,००० हून अधिक दाणे भरतात. पेरा दाट झाला व वाफ्यात पाणी साचले की बुरशीमुळे रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. म्हणून उंच गादीवाफे करावेत, बी विरळ टाकावे आणि बोर्डो मिश्रण वापरावे. पेरणीपूर्वी राब भाजण्याची रीत जुनीच आहे. त्या उष्णतेने वरच्या थरातील बुरशी व तणांचे बी नष्ट होते, हे मात्र शास्त्राने दाखवून दिले.

शेंडा खुडण्याचेही तसेच. पानातील निकोटीन तयार होते ते मुळांत व तेथून ते पानांत चढते. फूल धरू दिल्यास झाडाचे बळ बियांत जाते; शेंडा खुडल्यास पान जाड व कसदार होते. परंतु त्यानंतर येणारे बगलफुटवे वेळोवेळी काढले नाहीत, तर खुडणीचा लाभ वाया जातो.

बिडीची तंबाखू नीट जळावी लागते. खारट विहिरीचे पाणी दिल्यास किंवा म्युरिएट ऑफ पोटॅश घातल्यास पानात क्लोराइड वाढते, पान ओल धरते व विझू लागते. पालाश द्यावयाचेच असेल तर ते सल्फेटच्या रूपाने द्यावे. कापणीची घाईही अशीच नडते. पानावर तांबूस ठिपके उमटणे ही पक्वतेची खूण होय. त्यापूर्वी कापलेला माल वाळल्यावरही हिरवट राहतो आणि भावात मार खातो.

या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे बंबाखू. ही हिरवेपणा नसलेली वनस्पती तंबाखूच्या मुळांवर जगते. तिचे धुळीसारखे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. फुले येण्यापूर्वी ती उपटून शेताबाहेर नष्ट करणे, हा उपाय गावातील सर्वांनी मिळून केला तरच फलद्रूप होतो.

एवढे करून पिकविलेल्या मालाचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्न उरतो. याच राज्यात कॉफीसाठी बाळेहोन्नूर येथे १९२५ साली संशोधन केंद्र निघाले. कॉफीचा दाणा चाळणीने प्रतवार होतो व पेय चाखून जाणकार त्याची पारख करतात. तंबाखू मंडळ १ जानेवारी १९७६ रोजी स्थापन झाले आणि कर्नाटकात १९८४ पासून लिलाव सुरू झाले. परंतु ते व्हर्जिनिया तंबाखूपुरते. निपाणीची बिडी तंबाखू त्या व्यवस्थेबाहेर राहिली. रास्त भावासाठी मार्च १९८१ मध्ये श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. पान सुधारले तरी तराजू व प्रत शेतकऱ्याच्या हाती नसेल, तर शास्त्राचे फळ त्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही, हा त्या दिवसांचा धडा विसरता येणार नाही.

शास्त्राचे दुसरे सांगणेही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. तंबाखू आरोग्यास घातक आहे, हे निर्विवाद आहे. २००५ साली अमलात आलेल्या जागतिक करारात, ज्यात भारतही सामील आहे, तंबाखू उत्पादकांना पर्यायी उपजीविकेसाठी साहाय्य देण्याचे कलम आहे. या भागात ऊस व सोयाबीन यांनी पाय रोवले आहेत. मात्र उसाला पाणी लागते आणि तंबाखू पावसाच्या ओलीवर काळ्या रानात येते. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यास पीक बदलण्याचा नुसता उपदेश पुरेसा नाही. त्याच्या रानात, त्याच ओलीवर, तितकाच पैसा देणारे पीक सिद्ध करून दाखविणे हे संशोधकांचे व अधिकाऱ्यांचे काम आहे.

शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आजच आहे. दवाने ओले झालेले पान हाताळल्यास निकोटीन कातडीतून अंगात भिनते. मळमळ, वांती व चक्कर येते. कापणीच्या दिवसांत मुले शेतात नव्हे, वर्गात असावीत, आणि मोठ्यांनी दव उतरल्यावर, अंगभर कपडे घालून काम करावे, हे घरोघर सांगितले गेले पाहिजे. पानाची प्रत राखणाऱ्या शास्त्राने ते पान खुडणाऱ्या हातांचीही काळजी वाहिली, तरच ते निपाणीच्या शेतकऱ्याला आपले वाटेल.