पानातली चौकट आणि तिच्यातला आलेख



छापील ग्रंथात आलेख एकदा उमटला की तो पानाचाच होऊन जातो. संगणकाच्या पडद्यावरील पानाचे तसे नाही. तेथे दोन परिच्छेदांच्या मध्ये आलेख दिसतो खरा; पण पुष्कळदा त्या पानात असते ती केवळ एक रिकामी चौकट आणि दुसऱ्या कुठल्याशा संगणकाचा पत्ता. पान उघडताच ब्राउझर त्या पत्त्यावरून आलेख आणून चौकटीत मांडतो. सुरक्षेसाठी यजमान पानाला परक्या चौकटीत डोकावण्याची मुभा नसते. काही कळवायचेच झाले तर निरोप धाडावा लागतो. पाहुण्याला ओसरी द्यावी, त्याच्या पेटीला हात लावू नये, अशातला हा व्यवहार आहे.

या व्यवहारातला धोका हान्स रोसलिंग यांच्या आलेखांवरून चांगला उमगतो. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील हे प्राध्यापक १९७२ साली सार्वजनिक आरोग्य शिकण्यासाठी बंगळूरला येऊन गेले होते. पुत्र ओला व स्नुषा आन्ना यांच्यासह त्यांनी 'ट्रेंडॲलायझर' घडविले. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर आयुर्मान, आणि प्रत्येक देशाचे लोकसंख्येच्या मानाने लहानमोठे वर्तुळ! वर्षे सरत तशी वर्तुळे सरकत. २००६ साली कॅलिफोर्नियातील व्याख्यानात त्यांनी ते दाखविले, तेव्हा रुक्ष आकडेवारीला जणू पाय फुटले. २००७ मध्ये गूगलने ही प्रणाली घेतली. पुढे 'मोशन चार्ट' या रूपाने ती कोणालाही आपले आकडे भरून स्वतःच्या पानात बसविता येऊ लागली.

परंतु हा सारा खेळ 'फ्लॅश' नावाच्या जोड-प्रणालीवर चाले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील मजकूर चालणेच बंद झाले. ज्यांनी वेळीच दुसरी सोय केली नव्हती, त्यांच्या पानांवर चौकट उरली, आलेख गेला. आकड्यांत काडीची चूक नव्हती. रोसलिंग यांच्या गॅपमाइंडर संस्थेने आपले साधन 'व्हिझाबी' या नावाने, जोड-प्रणालीवाचून चालेल असे नव्याने लिहविले. तिचे आकडे आलेखाहून निराळे, तक्त्यांच्या रूपात जपलेले होते, हे येथे विशेष महत्त्वाचे.

'व्हेगा-लाइट'सारख्या आजच्या पद्धतीत हाच विवेक अधिक स्पष्ट आहे. कोणता रकाना कोणत्या अक्षावर घ्यावा, हे त्यात साध्या अक्षरांत लिहिलेले असते. दाखविणारी प्रणाली ते वाचून चित्र काढते. उद्या ती प्रणाली नाहीशी झाली, तरी ते टिपण माणसालाही वाचता येते.

एखाद्या ग्रंथालयाने आपल्या शंभर वर्षांच्या सभासदसंख्येचा आलेख संकेतस्थळावर बसविला, तर चौकटीखाली आकड्यांचा तक्ता, एक स्थिर चित्र आणि आकडे कोणत्या नोंदवहीतून घेतले तो उल्लेख अवश्य असावा. आणि त्या तक्त्याची एक कागदी प्रत दप्तरात लावून ठेवावी.