घरचे अंगण, परके मैदान

गेल्या महिन्यातील गोष्ट. रायपूरला चौबे कॉलनीत आमचे महाराष्ट्र मंडळ आहे. तेथून एका संध्याकाळी मी घरी परतलो, तो शेजारचे गृहस्थ ओसरीवर माझी वाट पाहत बसलेले. हातात दोन कागद होते. त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे. दहाव्या वर्षापासून ती बास्केटबॉल खेळते, आणि उंचीने वडिलांच्याही वर गेली आहे. एक कागद अमेरिकेतील एका शिक्षणसंस्थेकडून आला होता. तेथे शिकण्याची आणि संघातून खेळण्याची संधी, शिष्यवृत्तीसह. दुसरा कागद म्हणजे रेल्वेतील खेळाडूंच्या भरतीच्या जाहिरातीचे कात्रण. पुढच्या वर्षी तेथे नोकरी लागण्याची आशा होती.

“नाना, तुम्हांला काय वाटतं?” त्यांनी विचारले. “पोरीला परक्या देशात पाठवावी, की हातातली नोकरी धरावी?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. “विचार करून सांगतो,” एवढे म्हणून मी त्यांना निरोप दिला. श्रोते हो, तो विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न एका घरचा असला, तरी थोड्या फरकाने तो चीनमध्ये, जपानमध्ये, फिलिपीन्समध्येही विचारला गेला आहे, आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे.

प्रथम हे पाहू, की परक्या मैदानात असे असते तरी काय? टोपली तेथेही जमिनीपासून दहा फुटांवरच आहे. १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या, तेव्हापासून ती उंची बदललेली नाही. बदलला आहे तो टोपलीखालचा खेळ. समजा, आपल्या गावात एक मुलगा सर्वांहून हातभर उंच आहे. तो टोपलीखाली उभा राहतो, चेंडू वर धरतो आणि गुण मिळवतो. त्याला दुरून नेम धरावा लागत नाही, पळत्या खेळाडूसमोर पावले झपाट्याने बदलावी लागत नाहीत, चोवीस सेकंदांच्या मुदतीत तिसरा-चौथा मार्ग शोधावा लागत नाही. गावात त्याचे सारे दोष त्याच्या उंचीआड झाकून राहतात. बलवान लीगमध्ये मात्र त्याच्याएवढे उंच आणि त्याच्याहून चपळ असे दहा जण रोज सरावाला हजर असतात. तेथे पहिल्याच आठवड्यात दोष उघडे पडतात, आणि उघडे पडले म्हणूनच दुरुस्त होऊ शकतात. बलवान लीग खेळाडूला देते ते हेच. पैसा आणि कीर्ती मागाहून येतात, किंवा येतही नाहीत.

आता शेजाऱ्यांची उदाहरणे घेऊ. एन. बी. ए. या अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य लीगमध्ये उतरलेला पहिला चिनी खेळाडू वांग झिझी. तो २००१ मध्ये डॅलस संघाकडून खेळला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघासाठी मायदेशी परतण्यावरून तेथील अधिकाऱ्यांशी त्याचे बिनसले. त्याला राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले, आणि २००६ मध्ये तो चीनला परतेपर्यंत ती कटुता टिकली. याउलट याओ मिंगची गोष्ट. शांघायच्या संघातून २००२ मध्ये तो ह्यूस्टनला गेला. त्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक पहिला होता. त्याच्या जाण्याआधी देशासाठी तो केव्हा खेळणार, मिळकतीतला वाटा कोणाला किती, याच्या वाटाघाटी झाल्या होत्या. त्या कडक होत्या, पण झाल्या होत्या हे महत्त्वाचे. २००९ मध्ये शांघायचा तोच संघ अडचणीत आला, तेव्हा याओने तो विकत घेतला. २०१७ मध्ये तो चीनच्या बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. जाताना परतीची वाट ठरलेली असली म्हणजे माणूस गेला तरी देशाचाच राहतो, हे या दोन जीवनांवरून कळते.

जपानची रीत आणखी निराळी. युता ताबुसे हा पावणेसहा फुटांच्या आसपासचा, म्हणजे या खेळात ठेंगणाच म्हणावा असा खेळाडू. २००४ मध्ये तो फीनिक्स संघाकडून अवघे चार सामने खेळला. हिशेबाने पाहिले तर ते अपयशच. परंतु २००८ मध्ये तो तोचिगीच्या संघात परतला. पुढे २०१६ मध्ये जपानच्या दोन भांडणाऱ्या लीग एकत्र होऊन ‘बी लीग’ निर्माण झाली, तेव्हा तिचे पहिले विजेतेपद याच तोचिगी संघाने मिळवले. त्या दोन लीगच्या भांडणापायी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने जपानला निलंबित केले होते, हेही ध्यानात घ्यावे. ज्या देशावर ही पाळी आली, त्याने आधी आपले घर सावरले आणि मग मुले बाहेर पाठवली. रुई हाचिमुरा अमेरिकेतील गोंझागा विद्यापीठात शिकून २०१९ मध्ये वॉशिंग्टन संघात नवव्या क्रमांकाने निवडला गेला. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत हाचिमुरा नसतानाही जपानने ओकिनावा येथे तीन सामने जिंकले आणि आशियातील सर्वोत्तम संघ म्हणून पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळवला.

त्याच जपानने २०२० पासून आशियातील इतर देशांच्या खेळाडूंसाठी प्रत्येक संघात एक जागा खुली केली. तिचा पहिला मोठा लाभ फिलिपीन्सच्या तरुणांना झाला. फिलिपीन्समध्ये १९७५ पासून, म्हणजे आशियात सर्वांत आधी, व्यावसायिक लीग आहे. आता आपले उमदे खेळाडू जपानला जाऊ लागले म्हणून तेथे चिंताही व्यक्त झाली. सांगायचे तात्पर्य, बलवान लीग गाठायला दर वेळी अमेरिकाच गाठावी लागते असे नाही.

आणि आपण? भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये खेळला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोला. मात्र बाहेर पडण्याचे धाडस आपल्या खेळाडूंनी केले आहे, आणि त्यात एक स्त्री आघाडीवर होती, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. केरळची गीतू अॅना जोस रेल्वेच्या संघातून खेळत असे. २००६ पासून ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या रिंगवुड संघाकडूनही खेळली. २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधील तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही, पण चाचणीपर्यंत पोहोचणे ही गोष्टही त्याआधी भारतात ऐकिवात नव्हती.

पंजाबातील बल्लो के या खेड्याचा सतनाम सिंग चौदा वर्षांचा असताना २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या एका अकादमीत गेला. इंग्रजीचा गंध नव्हता. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, डॅलस संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकाने निवडले. एन. बी. ए. संघाने निवडलेला भारतात जन्मलेला तो पहिलाच खेळाडू. मात्र मुख्य लीगमध्ये एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम लीगच्या संघातही मैदानापेक्षा राखीव खेळाडूंच्या बाकावरच त्याचा अधिक काळ गेला. अमृतपाल सिंग हा शेतकऱ्याचा मुलगा. या खेळाकडे तो उशिरा वळला, तरी जपानमध्ये खेळून पुढे २०१७ च्या हंगामात सिडनीच्या संघात पोहोचला. त्याच वर्षी संघनायक विशेष भृगुवंशी याच्याशी अॅडलेडच्या संघाने करार केला.

आता आमच्या छत्तीसगडाकडे वळतो. रायपूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर भिलाई. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर मैदाने आली, आणि त्या मैदानांवर मुलींचे बास्केटबॉल वाढले. त्याचे मोठे श्रेय राजेश पटेल या प्रशिक्षकांकडे जाते. छत्तीसगडाच्या गावोगावच्या मुली त्यांनी भिलाईला आणल्या, घरच्यासारख्या सांभाळल्या, पहाटे आणि सायंकाळी मैदानावर उभ्या केल्या. कुमारी व युवती गटांत छत्तीसगडाने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि येथील अनेक मुली भारताच्या संघापर्यंत गेल्या. २०१८ मध्ये पटेल निवर्तले. खेड्यातल्या मुलीला भिलाई हे पहिले परके मैदान होते, असे मला वाटते. घर सोडून बलवंतांत जाण्याचा धडा तिने तेथेच गिरवला.

सतनामबरोबर २०१० मध्ये चार मुले आणि चार मुली फ्लोरिडाला गेल्या होत्या. त्यांत भिलाईची अकुला कविता होती. तेथील शिक्षण संपवून ती पुढे अॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या संघातून खेळली. तिच्या नावाचा गाजावाजा झाला नाही. परंतु भिलाईच्या मैदानावरील मुलगी खेळाच्या बळावर अमेरिकेतील विद्यापीठात शिकू शकते, एवढे तिने सिद्ध केले.

मग अशा मुली अधिक का नाहीत? उंचीचा अभाव, आहाराचा अभाव ही कारणे आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नाहीत. पण त्यांहून मोठे कारण शेजाऱ्यांच्या हातातील त्या दुसऱ्या कागदात आहे. आपल्याकडे खेळाडूच्या शिडीची शेवटची पायरी म्हणजे नोकरी. रेल्वे, सैन्य, पोलीस, तेल महामंडळ यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, म्हणून तर हा खेळ या देशात जगला. हे ऋण विसरून चालणार नाही. साधारण स्थितीतील बापाने मुलीच्या निवृत्तिवेतनाचा विचार केला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. परदेशातील करार बहुधा एका हंगामाचा असतो. गुडघा दुखावला की करार संपतो. नोकरी मात्र गुडघा दुखावला तरी राहते. परंतु त्या नोकरीत एकदा स्थिरावल्यावर वर्षातून मोजक्याच स्पर्धा, मोजकेच प्रतिस्पर्धी, आणि त्यांतही बहुतेक ओळखीचे. विसाव्या वर्षी जो खेळ होता, तोच तिसाव्या वर्षी. देशातील लीगचे प्रयोगही झाले. काही थोड्या वर्षांत बंद पडले. २०२२ मध्ये पुन्हा एक राष्ट्रीय लीग सुरू झाली. पण घरची लीग वर्षभर गजबजलेली असावी लागते. ती तशी होईपर्यंत सरस खेळाडूला बाहेर जाण्यावाचून दुसरा उपाय नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की नोकरी आणि परके मैदान यांतून एकाची निवड करण्याची पाळीच खेळाडूवर येऊ नये. नोकरी देणाऱ्या संस्थांनी खेळाडूला हंगामापुरती रजा द्यावी, सेवाज्येष्ठता राखावी. परत आल्यावर तोच खेळाडू त्यांच्या संघाला नवे काही शिकवील. गीतूने रेल्वे आणि रिंगवुड ही दोन्ही मैदाने सांभाळली, म्हणजे हे अशक्य नाही.

माधवराव सप्रे यांचे नाव रायपूरच्या शाळेला आहे. मातृभाषा मराठी असून त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. परक्या अंगणात गेले म्हणून घरचे धन हरवले नाही, उलट ते दोन्ही घरांच्या कामी आले. आम्ही येथले मराठी लोक, नोकरीच्या वाटेने पिढ्यांमागे इकडे आलेलो, या गोष्टीचे थोडेबहुत साक्षीदार आहोत.

एवढा विचार झाल्यावर परवा मी शेजाऱ्यांकडे गेलो. मुलगी घरी नव्हती. सरावाला भिलाईला गेली होती, गाडी उशिरा येणार होती. मी म्हणालो, “हो किंवा नाही म्हणण्याआधी त्या संस्थेला तीन गोष्टी विचारा. पहिली, हिला प्रत्यक्ष खेळायला कितपत मिळेल? नुसतं बाकावर बसायला सातासमुद्रापार जायला नको. दुसरी, दुखापत झाली तर शिक्षणाचा खर्च चालू राहील का? आणि तिसरी, भारताच्या संघाचं बोलावणं आलं तर हिला सोडतील का? तिन्ही उत्तरं लेखी घ्या.”

“आणि नोकरी?” त्यांनी विचारले.

“नोकरीची हमी मी देऊ शकत नाही,” मी म्हणालो. “पण ती शिकून, पदवी घेऊन परतेल. नोकरीचा अर्ज चार वर्षांनीही करता येईल. सतरावं वर्ष मात्र पुन्हा येणार नाही.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी कपाटातून कागद आणि लेखणी आणली. पत्र इंग्रजीत लिहायचे होते. ते आम्ही दोघांनी मिळून लिहिले. खाली सही करण्यासाठी मुलीच्या नावाची जागा मोकळी ठेवली, कारण जायचे तिला आहे, आणि शेवटचा शब्दही तिचाच असावा, असे दोघांनाही वाटले. रात्री ती आली, पत्र दोनदा वाचले, एक शब्द बदलला आणि सही केली.

उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.