दमा आणि त्यावरील औषधे

लखनौच्या अमीनाबाद पेठेत दम्याच्या रोग्याने पाऊल टाकू नये, असे सांगणे सोपे आहे. पण ज्याचे दुकानच तेथे, त्याने जावे कोठे? अवधचे नवाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ. चिकनच्या कापडाचे गठ्ठे सोडताना उडणारी बारीक धूळ, अत्तरांचा दर्प, कबाबांच्या भट्ट्यांचा धूर आणि हिवाळ्यात या सर्वांवर दाट धुक्याचे झाकण. या हवेत शेकडो माणसे दिवसभर सुखाने वावरतात. त्यांतील एखाद्यालाच संध्याकाळी खोकल्याची उबळ येते, छातीतून शिटीसारखा आवाज निघू लागतो आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास तो अंथरुणात उठून बसतो. हवा सर्वांना एकच. मग विकार यालाच का?

याचे उत्तर त्याच्या श्वासनलिकांच्या अस्तरात आहे. काही माणसांच्या शरीराला, बहुधा आनुवंशिकतेने, निरुपद्रवी पदार्थांनाही शत्रू मानण्याची खोड असते. फुलांचे पराग किंवा गादीतील अतिसूक्ष्म किडीची विष्ठा यांविरुद्ध ते एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करते. आयजीई नावाचे हे प्रतिद्रव्य 1966 साली इशिझाका या जपानी दांपत्याने ओळखून काढले. ते अस्तरातील काही पेशींवर जाऊन बसते. तोच पदार्थ पुन्हा आत शिरला, की या पेशींतून हिस्टामिन, ल्यूकोट्राइन इत्यादी द्रव्ये सुटतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर सुजते, चिकट कफ साचतो. श्वास सोडताना नलिका मुळातच थोड्या अरुंद होतात. म्हणून रोग्याला श्वास घेण्यापेक्षा सोडणे अधिक कष्टाचे होते. प्रत्येक दमा असा ॲलर्जीतूनच उद्भवतो असे नाही. सर्दीचे विषाणू, गार हवा, धूर किंवा धावपळ हीदेखील झटक्याला निमित्त होतात.

झटका ओसरतो, पण सूज मात्र आठवडेच्या आठवडे टिकून राहते. झटका दिसतो आणि सूज दिसत नाही; दम्याच्या उपचारातील बहुतेक घोटाळा येथेच होतो.

चरकसंहितेत या विकाराला तमक श्वास म्हटले आहे. लखनौचे हकीम त्याला झीक-उन्-नफस म्हणत आले. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा भारतीय उपाय 1802 च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात पोचला. तो उपाय पोकळ नव्हता. धोतऱ्यातील द्रव्यांनी स्नायू खरोखरच सैल पडतात. परंतु मात्रा जरा चुकली की रोगी बरळू लागतो. आज वापरले जाणारे इप्राट्रोपियम हे त्याच कुळातील सुधारलेले औषध होय.

अमीनाबादेपासून फार दूर नसलेल्या छत्तर मंझिलात 1951 साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. या संस्थेने 1970 नंतरच्या दशकात माईनमूळ या वनस्पतीच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे केले. मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनाही त्याच सुमारास तेच द्रव्य गवसले आणि फोर्स्कोलिन या नावाने ते जगभर गेले. त्याने श्वासनलिका रुंदावतात, तरी दम्याचे नित्याचे औषध होण्याचा मान त्याला मिळाला नाही. या मुळांचे लोणचे घालण्याची चाल आपल्याकडे आहे. ते जरूर खावे, मात्र औषध म्हणून नव्हे.

औषध पोटात न देता थेट नलिकांत पोचवावे, ही कल्पना निर्णायक ठरली. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या अधिकाऱ्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवरचा फवारा डब्यातून मारता येतो, तर औषध का नाही? 1956 साली तसा फवारा बाजारात आला. 1969 मध्ये स्नायू सैल करणारे साल्ब्युटामॉल आले आणि 1972 मध्ये बेक्लोमेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड फवाऱ्यातून मिळू लागले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची संख्या वाढली होती. आयसोप्रिनालीनच्या तीव्र फवाऱ्यांवर तेव्हा संशय घेतला गेला.

अमीनाबादेत औषधांच्या दुकानांना तोटा नाही. तेथे रोगी येतो आणि तत्काळ आराम देणारा पंप मागतो. ज्याचा गुण दिसायला दिवस लागतात, तो दुसरा पंप एकदा संपला की पुन्हा घेतला जात नाही. पहिला नलिका उघडतो, परंतु सूज तशीच ठेवतो. म्हणूनच 2019 पासून जागतिक तज्ज्ञसमितीने केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबून राहू नये असे सांगितले असून, सूज उतरवणारे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेल्या पंपाची शिफारस केली आहे.

पंपाची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीतील मिलिग्रॅममध्ये मोजतात. म्हणजे पंपाला भिऊन जो अनोळखी पुड्या किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने घेत राहतो, तो बहुधा अधिक धोका पत्करतो. पंप ओढल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही. मुलांना व वृद्धांना पंपास नळकांडे जोडून द्यावे.

वाक्य पुरे करता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा पंपानेही उतार पडत नाही, अशा वेळी घरी थांबू नये. प्राणवायू आणि पुढचे उपचार रुग्णालयातच मिळतात. छातीतला शिटीचा आवाज थांबला, पण रोगी तसाच तडफडत आहे, तर तो आराम नव्हे. आवाज उठण्याइतकी हवादेखील तेव्हा नलिकांतून जात नसते.