कागदावरचे द्वंद्वयुद्ध



जाहिरात वाचून कोणी दांडपट्ट्याची प्रात्यक्षिके पाहायला आले असतील, तर त्यांची आरंभीच क्षमा मागतो. आजच्या खेळाला तलवार लागत नाही. दोन माणसे, दोन पेन्सिली, कागद आणि तीन फासे एवढे पुरे.

या खेळाचे नाव 'आँ गार्द'. तलवारबाजीत 'सावध!' म्हणून जो फ्रेंच इशारा देतात, तोच. फ्रँक चॅडविक आणि त्याच्या सोबत्यांनी तो १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. मुळात होते ते नुसते द्वंद्वाचे नियम. पण लढायला काही कारण हवे! म्हणून त्या नियमांभोवती सतराव्या शतकातले पॅरिस उभे केले : राजाचे मस्केटिअर, कार्डिनलचे रक्षक, मानपान आणि प्रेमप्रकरणे. सगळे शहर खेळायला पुष्कळ मंडळी लागतात. द्वंद्वाला मात्र दोघे पुरतात.

हे पॅरिस काही केवळ कादंबरीतले नव्हे. रिशेल्यूच्या अमदानीत १६२६ मध्ये द्वंद्वबंदीचा कडक हुकूम निघाला. बूतविल नावाच्या सरदाराच्या खात्यावर बावीस द्वंद्वे होती. हा गृहस्थ १६२७ च्या मे महिन्यात भर पॅरिसमध्ये, प्लास रॉयाल चौकात, दिवसाढवळ्या लढला. गंमत म्हणा की दुर्दैव, मूळ भांडणारे दोघेही वाचले. मेला तो प्रतिपक्षाचा साथीदार. जूनमध्ये बूतविलचे आणि त्याच्या नात्यातल्या साथीदाराचे शिर उडवण्यात आले. जीव जाईल हे ठाऊक होते, पण मागे सरणे जमले नाही.

आता खेळ कसा चालतो ते पाहू. फासे टाकून आपल्या पात्राची ताकद, कौशल्य आणि काटकपणा ठरतो. ताकद आणि काटकपणा यांचा गुणाकार म्हणजे त्याचा दम. जखमेगणिक तो घटतो. पण खरी मौज पुढे आहे. तलवार कशी चालवणार, हे आधीच गुपचूप लिहून ठेवायचे : भोसकणे, वार, अडवणे, मागे उडी, विसावा. मग दोघांनी एकेक हालचाल एकदम उघड करायची. फरीगदक्यात समोरच्याचे मनगट पाहून हात बदलता येतो. येथे ते नाही. रागाच्या भरात जे लिहिले, ते लिहिले.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा राहायला आला होता. पदवी घेऊन दोन वर्षे झालेली, नोकरीचा पत्ता नाही. दर भेटीत जेवताना मी विचारीत असे, "काय, काही जमलं का?" तो मान हलवी आणि भात कालवी. एका रात्री त्यानेच हा खेळ काढला. मी म्हातारा मस्केटिअर झालो, तो कार्डिनलचा तरुण रक्षक. कागद लिहून पालथे ठेवले. आता अपमान काय झाला, हे पात्राच्या तोंडून सांगायचे, असे आमचे ठरले होते. मी रस्त्यात धक्का लागल्याचे काहीतरी रचून सांगितले. तो उठून उभा राहिला.

"महाशय, दोन वर्षं आपण भर पंक्तीत मला एकच प्रश्न विचारलात. मी करतो काय, हे एकदाही विचारलं नाहीत."

हे मस्केटिअरला उद्देशून नव्हते, एवढे कळण्याइतका मी शहाणा आहे. मला माझा कागद फाडावासा वाटला. पण नियम तो नियम. माझ्या कागदावर होते : भोसकणे, भोसकणे, वार, भोसकणे. त्याच्या : मागे उडी, अडवणे, अडवणे, मागे उडी. एकही वार नाही!

"अरे, तू लढायला आलास की नाही?"

"मामा, तुम्ही काय लिहिणार ते मला ठाऊक होतं."

दुसऱ्या डावासाठी पेन्सिल उचलता उचलता मी विचारले, "बरं, सांग तर, काय करतोस तू?"

"आधी डाव पुरा करा," तो म्हणाला.

या खेपेस मी बचावच बचाव लिहिला, आणि सहाव्या हालचालीला, मी विसावा घेत असताना, त्याने मला भोसकले. मग रात्री साडेबारापर्यंत तो नकाशे काढण्याच्या कामाविषयी बोलत होता. त्यातले मला निम्मेही कळले नाही.