न दिसणाऱ्या जिवांची ओळख

(पाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांच्या शिबिरात दिलेले भाषण)



पाड्यावर कुणी आजारी पडले की काही घरांत पहिला प्रश्न निघतो, "हे कुणी केले?" मग बोट एखाद्या एकट्या विधवेकडे जाते आणि ती डाकीण ठरते. सूक्ष्मजीवशास्त्र विचारते, "हे कशाने झाले?" आणि उत्तर तपासून दाखवते. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे. त्याच्या चार शाखा आज पाहू.

पहिली जिवाणुशास्त्र. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्यामुळेच आज बेडका तपासून क्षय ओळखता येतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत खोकला कमी होतो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडून वीटभट्टीवर निघून जातो. जंतू मात्र पुरते मेलेले नसतात. उरलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. साधा क्षय असला तरी औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. कामासाठी बाहेरगावी जायचे असेल तर आधी दवाखान्यात सांगून तिकडे औषधाची सोय करून घ्या.

दुसरी विषाणुशास्त्र. विषाणू जिवाणूंहून लहान असतात. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस दिली आणि तो वाचला. त्या काळी हा विषाणू कुणी पाहिलाही नव्हता. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने घ्या. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

तिसरी कवकशास्त्र, म्हणजे बुरशीचा अभ्यास. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन बुरशीतच सापडले. पण भुईमूग आणि मका ओलसर राहिला तर त्यावर वाढणारी एक बुरशी विष तयार करते. ते यकृताला बाधते आणि दाणे भाजले तरी पूर्ण जात नाही. बुरशी आलेले दाणे खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

चौथी शाखा शेतीची. तूर किंवा उडदाचे रोप हलकेच उपटून मुळे पाहा. त्यांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर त्यांचे काम चालू आहे. पेरणीआधी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम खत गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि बियाणे सावलीत सुकवा. उन्हात जिवाणू मरतात.

एखाद्या बाईला डाकीण ठरवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण पोलीस येईपर्यंत उशीर होऊ शकतो. तुम्ही तिथे आधी असता. तेव्हा उभे राहून एवढेच म्हणा, "आधी बेडका तपासू, आधी रक्त तपासू."